न्यूट्रल लागेना म्हणून गिअरबॉक्स कशाला खोलता ओ?

उजव्या पायाच्या गिअरची जुनी बुलेट सिग्नलला न्यूट्रल घेईना, की बेळगाव असो वा निपाणी, मिस्त्री आधी गिअरबॉक्सच खोलतो! का ओ? इंजिन बंद केल्यावर न्यूट्रल सहज लागतंय ना? मग दोष बहुतेक क्लचचा. केबलला २-३ मिमी ढील ठेवा. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटल्यात का बघा. स्प्रिंगा कमीजास्त आवळल्या असतील तर प्रेशर प्लेट (क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी चकती) वाकडी उचलते आणि क्लच अर्धवटच सुटतो. टाचेचा न्यूट्रल लिव्हर (थेट न्यूट्रलला नेणारी वेगळी दांडी) पहिल्या गिअरवरून चालतच नाही. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी! चालत्या गाडीत दोन गिअरच्या मधे खोटा न्यूट्रल येत असेल, म्हणजे गिअर न लागता मधेच सुटत असेल, तर अ‍ॅडजस्टर प्लेटचे (गिअर टाकायच्या यंत्रणेची जागा जुळवणाऱ्या पट्टीचे) नट सैल करून ती केसभर सरकवा. चोर्ला घाटाच्या उतारावर तसं झालं तर जीव टांगणीला लागतो. गिअरची पेटी खोलायची ती यानंतर.