रुई दुसऱ्याच्या दारात

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर आठवडाभर भांडण चालू आहे. ओपन स्पेसच्या कोपऱ्यात फुलपाखरं-मधमाश्यांसाठी निरगुडी, रानतुळस, खुळखुळा, रुई लावूया, असं दोघा-तिघांनी सुचवलं. लगेच सुरू: ‘रान माजवायचंय का?’, ‘साप निघतील’, ‘डास होतील’. अहो, डास कुलरच्या साठलेल्या पाण्यात होतात, निरगुडीत नाही! हे मी म्युनिकहून रात्री साडेअकराला लिहिलं. तिकडे पहाटेचे तीन.

ठरलं काय? कार्पेट लॉन आणि कडेने डुरांटा. डुरांटा मूळचा अमेरिका खंडातला, पण तो ‘शोभेचा’.

इथे 2019 च्या फेब्रुवारीत मधमाश्या वाचवायला बायर्नमधल्या, म्हणजे आमच्या राज्यातल्या, 17 लाखांहून जास्त लोकांनी राटहाउसात (नगरपालिकेत) जाऊन सह्या केल्या, तेही थंडीत रांगा लावून. ग्रुपवर टाकलं. आमच्या इथल्या गल्लीत घरोघरी रोबोट गवत कापत फिरतो, ते नाही टाकलं. माझ्या क्लाइनगार्टनमध्ये (भाड्याने मिळालेल्या छोट्या बागेत) एक तृतीयांश जागेत भाजी-फळं नसली की फेराइनचं, म्हणजे बागवाल्यांच्या संस्थेचं, पत्र येतं, पण उरलेल्या जागेत रानफुलं माजली तर कोणी ब्र काढत नाही.

खरा राग रुईवरून आहे. शनिवारी मारुतीला माळ रुईच्या पानांचीच हवी, झाड मात्र दुसऱ्याच्या दारात. आमच्या कुंपणाशी होती. पान उलटलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी, पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. तिचंच पुढे केशरी प्लेन टायगर फुलपाखरू व्हायचं. आणि जांभळट फुलांवर हे मोठे काळे भुंगे. परागीभवन त्यांच्याकडे.

मग शेजारच्या काकांनी लिहिलं, ‘अरे, तू वर्षातून पंधरा दिवस येतोस. पाणी कोण घालणार?’ रुईला पाणी लागतं कुठे, हे लिहायला घेतलं आणि खोडलं.

कारण ती रुई मीच काढली. सहा वर्षांपूर्वी, सुट्टीत आलो तेव्हा, भाड्याच्या गाडीला जागा हवी म्हणून पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. बाबा म्हणाले, राहू दे रे. मी म्हटलं, चीक पोरांच्या डोळ्यात गेला म्हणजे? गाडी उभी राहिली पंधरा दिवस.

आई आता देवळाबाहेरच्या बाईकडून माळ विकत घेते. तीही ग्रुपवर आहे. सगळं वाचते, लिहीत काही नाही.