‘किती दिवस?’

मामाला ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा खानापूर भागात भाताची लावणी चाललेली. बांधावर बसल्या बसल्या डावी बाजू गेली, जीभ अडखळली. बेळगावला आणून स्कॅन होईस्तोवर अंधार पडला. रात्री आयसीयूच्या दाराशी एका तरुण डॉक्टरनं अर्धं कन्नड, अर्धं हिंदीत सांगून टाकलं, ‘उम्मीद मत रखो, घर ले जाओ.’ मामी माझा हात धरून विचारते, "काय म्हणूलेत रे? किती दिवस?"

पाहुण्यांनी गाडीसुद्धा ठरवली होती. मीच आडवा आलो. शहाणपणानं नव्हे, भीतीनं. म्हटलं, सकाळपर्यंत थांबू.

नंतर वाचत गेलो तेव्हा राग आला. असा रक्तस्राव झालेल्या १०० पैकी साधारण ४० जण महिन्याभरात जातात, हे खरंच. पण त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच. माणूस कुठल्या गटात, हे बऱ्याच अंशी पाच गोष्टींवरून कळतं: रक्ताची गाठ ३० मिलिलिटर किंवा जास्त आहे का, रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरलंय का, स्राव खाली मेंदूच्या देठाकडे आहे का, वय ८० किंवा त्यापुढं आहे का, आणि हाकेला ओ देतो का. मामा ६२ चा, गाठ लहान, हाक मारली की डोळे उघडायचा. यातलं काही कुणी सांगितलंच नाही. अमेरिकेतल्या स्ट्रोक तज्ज्ञांच्या २०२२ च्या सूचना तर म्हणतात, रुग्णानंच आधी सांगून ठेवलं नसेल तर उपचार आवरते घ्यायचं निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत ठरवू नका. ‘वाचत नाही’ म्हणून नळ्या काढल्या की माणूस जातोच, आणि आपण म्हणतो, डॉक्टर बरोबर बोलले होते!

मामा पूर्ववत झाला असं नाही. डावी मूठ अजून वळत नाही, चिडचिड करतो. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत असतो. त्यातला एक महिना आम्ही फिजिओवाला शोधण्यात घालवला. पारव्याच्या रक्ताची मालीश सुचवणारे पाहुणे वेगळेच.

आता पुढची वर्षं बरीचशी बीपीच्या गोळीवर आहेत. तीच त्यानं आधी ‘डोकं दुखत नाही, मग कशाला’ म्हणून सोडली होती. १३०/८० च्या खाली ठेवायला सांगितलंय. मामी रोजचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. परवाच्या चौकोनात १५२ आहे, आणि खाली बारीक अक्षरात: ‘सुका बांगडा खाल्ला.’