फॅट बॉयचा बेल्ट का बदलला: एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की बारीकशा भोकासाठी आम्ही इंजिनाची ओढ मागच्या चाकाला पोचवणारा अख्खा बेल्ट बदलायला लावला आणि सोबत पुल्याही (बेल्ट ज्यांवर फिरतो ती दातेरी चाकं) गळ्यात मारल्या. चेनच्या गाडीला अर्धा तास लागतो, तिथं तुमची हार्ली-डेव्हिडसन फॅट बॉय दोन दिवस अडकवून ठेवली. एवढं करूनही बेल्ट ढिला ठेवला, बोटानं दाबला तरी खाली जातो. आणि ‘हा रबराचा पट्टा काढून चेन किट बसवा’ म्हटल्यावर टाळाटाळ केली. पुण्या-मुंबईत सेकंड हँड हार्ली घेतलेले बरेच जण गॅरेज शोधताना हे वाचणार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भोकाचं बघू. बेल्ट आणि मागच्या पुलीच्या मध्ये खडा सापडला की तो बेल्टमधून आरपार जातो. आपल्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः मुंबई-गोवा रस्त्याच्या अर्धवट कामांमधून जाऊन आलेल्या गाड्यांना, हे नेहमीचं आहे. प्रत्येक भोकाला बेल्ट बदलायचा नसतो. हार्लीच्याच सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे खड्याची जखम बेल्टच्या मधल्या भागात असेल तर लक्ष ठेवून चालवता येतं, कडेला असेल तर बेल्ट बदलायचा. तुमची जखम कडेला होती, पुलीच्या बाजूची पाळ फाटून आतल्या दोऱ्या बाहेर आल्या होत्या. गाडी लिफ्टवर असताना टॉर्च धरून ती तुम्हाला दाखवली होती आणि फोटोही पाठवला होता.

त्या दोऱ्या म्हणजेच बेल्टची ताकद. बाहेरचा काळा भाग दातांना आकार देतो, पण इंजिनाची ओढ पेलतात त्या आत लांबीनं गेलेल्या अरामिड किंवा कार्बन तंतूंच्या दोऱ्या. कडेच्या दोऱ्या तुटल्या की सगळा भार उरलेल्यांवर येतो, तोही तिरका, आणि फाटलेली जागा हळूहळू आत सरकते. चेन संपत आली की महिनाभर आधीपासून खडखडते, ताण धरत नाही, एखाद्या शिकाऊ पोरालाही कळतं. बेल्ट तसा बोलत नाही. शेवटच्या दिवसापर्यंत गाडी छान पळते आणि मग एकदम तुटतो.

तुम्ही जोडीनं ताम्हिणीतून खाली कोकणात उतरणार होता, हे तुम्हीच सांगितलं होतं. उतारावर बेल्ट तुटला की गाडी ओढली जात नाही एवढ्यावर भागत नाही. इंजिन आणि मागच्या चाकाचा संबंधच तुटतो, म्हणजे गिअर खाली टाकून मिळणारं इंजिन ब्रेकिंगही जातं. मागे माणूस, सामान, पावसाळी घाट आणि तीनशे किलोच्या पुढची गाडी निव्वळ ब्रेकवर. तो बेल्ट ‘बघू, चालतोय तोवर चालवा’ म्हणून परत द्यायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

कडेला नुसते धागे फुलले असतील, दाताच्या बुडाशी केसासारखी चीर असेल, एखाद्या दाताचा टवका उडाला असेल, तर आम्ही जॉबकार्डवर तशी नोंद करतो आणि पुढच्या सर्व्हिसला परत बघू म्हणून गाडी सोडतो. बाहेरच्या अंगाला चिरा पडल्या, दात गेला किंवा दात झिजून आकड्यासारखे वळले किंवा तुमच्यासारखी कडेला खड्याची जखम झाली, तरच बेल्ट बदलायला सांगतो.

आता पुल्यांचं. बिल पुन्हा बघा साहेब, पुली एकच आहे, मागची. पुढची आम्ही धुऊन तपासली आणि तीच परत बसवली. मागची पुली अॅल्युमिनियमची असते आणि वर क्रोमचा कडक थर असतो. तो शिल्लक आहे की नाही हे नुसतं बघून ठरवायचं नसतं. दोन दातांमधल्या खाचेत टोकदार स्क्रायबर (धातूवर रेघ मारायची सुई) मध्यम जोरानं ओढायचा. क्रोम असेल तर टोक काचेवरून सरकल्यासारखं निघून जातं, ओरखडा उठत नाही. तुमच्या पुलीवर टोक रुतलं आणि मागे चकचकीत पांढरी रेघ राहिली, एका नाही तर लागोपाठ बऱ्याच खाचांत. म्हणजे क्रोम जाऊन उघडं अॅल्युमिनियम लागलं होतं. ते मऊ असल्यामुळे धूळ त्यात रुतून बसते, खाचेची कानस होते आणि नवा बेल्ट ती खाऊन टाकते. महागाचा बेल्ट अशा पुलीवर चढवला असता तर बिल कमी आलं असतं, पण बेल्टचे पैसे पाण्यात गेले असते.

दोन दिवसांबद्दल. चेनला जोड असतो, कडी काढली की चेन हातात येते. बेल्ट अखंड असतो. फॅट बॉयमध्ये पुढची पुली गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, प्रायमरीच्या (इंजिनाची ओढ क्लचपर्यंत नेणारी चेन आणि तिची पेटी) मागे दडलेली असते. त्यामुळे मागचं चाक काढणं ही नुसती सुरुवात. प्रायमरीचं ऑइल उतरवा, बाहेरचं कव्हर काढा, कॉम्पेन्सेटर (इंजिनाचे झटके पचवणारा भाग), क्लच आणि प्रायमरी चेन एकत्र बाहेर घ्या, मग आतलं कव्हर. क्लच हबचा नट उलट्या आट्यांचा असतो, हे माहीत नसलेल्या माणसानं नेहमीच्या दिशेनं जोर लावून शाफ्टची वाट लावलेली गाडी आमच्याकडे आली आहे. त्यानंतर स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या फाट्याचा, पिव्हट (तो ज्यावर हलतो तो दांडा) काढून स्विंगआर्म मागे घ्यायचा, तेव्हा कुठं बेल्ट आत जायला वाट होते. परत जोडताना गॅस्केट नवं, ऑइल नवं, प्रत्येक नट टॉर्क रेंचनं. कुणी तुम्हाला ‘माझं तर दुपारपर्यंत झालं होतं’ असं सांगितलं असेल तर त्यांची गाडी बहुधा स्पोर्टस्टर असेल. ८८३ किंवा फोर्टी-एट या स्पोर्टस्टरांचा बेल्ट उजवीकडे असतो, प्रायमरी डावीकडे, त्यामुळे तिला हात लावावा लागत नाही. नाव एकच, हार्ली, पण काम अगदी वेगळं.

तुमच्या रिव्ह्यूतल्या ज्या मुद्द्याची मला खरी काळजी वाटली तो ढिल्या बेल्टचा. कारण तो वाचून कुणीतरी घरी पाना घेऊन बेल्ट आवळत बसेल.

बेल्टचा ताण बोटानं दाबून ठरवत नाहीत. त्यासाठी गेज मिळतो. खालच्या बाजूला, दोन पुल्यांच्या बरोबर मध्ये, १० पौंडांचा म्हणजे साधारण साडेचार किलोचा जोर द्यायचा आणि बेल्ट किती सरकला ते मोजायचं. किती सरकायला हवा याचा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. गाडी स्टँडवर की चाकांवर, वर माणूस की रिकामी, हेसुद्धा मॅन्युअलमध्ये त्या त्या मॉडेलला दिलेलं असतं, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावून चालत नाही. बेल्ट थंड हवा. चाक फिरवत बेल्ट सगळ्यात ताठ कुठं होतो ती जागा शोधायची आणि माप तिथं घ्यायचं, कारण कुठलीच पुली शंभर टक्के गोल फिरत नाही. ढिल्या जागी माप जुळवलं तर ताठ जागी बेल्ट तारेसारखा ओढला जातो.

दुसरं म्हणजे पुढच्या पुलीचं केंद्र आणि स्विंगआर्मचा पिव्हट या वेगवेगळ्या जागा आहेत. शॉकअप दबला की दोन पुल्यांमधलं अंतर बदलतं, आणि पुली, पिव्हट, अॅक्सल एका रेषेत आले की बेल्ट सर्वांत ताठ होतो. उभ्या गाडीवर ढिला वाटणारा बेल्ट तुम्ही दोघं बसून खड्ड्यातून गेलात की बराच ताठतो. आधीच आवळून ठेवला तर हा जास्तीचा ताण गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग गेलं की जो खर्च येतो, त्यापुढे बेल्टचं बिल किरकोळ वाटेल. फार ढिला ठेवला तर जोरात पिकअप घेताना दात उडी मारतो, तेही वाईट. तुमच्या गाडीचं माप मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. जॉबकार्डवर आकडा लिहिलेला आहे, दुसऱ्या कुठल्याही जाणकाराकडून गेज लावून तपासून घ्या. फक्त ताण बदलायचा झाला तर चाकाची सरळ रेषही पुन्हा बघायला सांगा. पिव्हटपासून अॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर बेल्ट पुलीच्या कडेला घासत राहतो आणि कड खातो.

चेन किटबद्दल माझं मत तुम्हाला तोंडी सांगितलं होतं, इथंही सांगतो. बेल्ट हा काही स्वस्तातला पट्टा नव्हे. हार्लीनं १९८० मध्ये स्टर्जिस मॉडेलवर दातांचा बेल्ट आणला आणि पुढे आपल्या मोठ्या गाड्या त्यावरच नेल्या. चेनच्या बाजूनं बोलण्यासारखंही खूप आहे. ती वाटेत कुठल्याही गावात जोडता येते, स्प्रॉकेट बदलून गिअरिंग हवं तसं करता येतं, कच्च्या रस्त्यावर खड्यांना भीत नाही. लडाख-स्पिती करणाऱ्यांना किंवा इंजिनाची ताकद खूप वाढवलेल्यांना आम्ही स्वतः चेन सुचवतो. पण तुमची गाडी शहरात आणि डांबरी हायवेवर चालते, आणि चेनला दर ५००-७०० किलोमीटरला वंगण, साफसफाई, ताण बघणं आलंच. मागचं टायर २०० मिलीमीटरचं, त्याच्या बाजूनं चेन नीट जायला ऑफसेट (स्प्रॉकेट किती बाहेर घ्यायचं) आणि स्पेसरचा (मध्ये घालायच्या कड्यांचा) हिशेब करावा लागतो. तुम्ही पुढची पुली लहान करून पिकअप वाढवायचंही विचारलं होतंत. ते होतं, पण बेल्टची लांबी जुळावी लागते, आणि वेगाचा सेन्सर गिअरबॉक्समध्ये असल्यामुळे स्पीडोमीटर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, नाहीतर काटा खोटं बोलतो. हे सगळं समजून घेऊनही हवं असेल तर करून देऊ.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो, म्हणून १६०० किलोमीटरला ताण परत तपासायचा असतो. ती तपासणी आमच्याकडे मोफत आहे आणि तुमची बाकी आहे. जुना बेल्ट आणि पुली तुमच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवली आहे, येताना घेऊन जा. तोवर बेल्टवर चेनचा स्प्रे, डिझेल किंवा ऑइल काहीही मारू नका, चूं चूं आवाज आला तरीही. तेलावर धूळ बसते आणि ती दात घासते. साध्या साबणाच्या पाण्यानं धुवा, फडक्यानं कोरडा करा, आणि मागच्या पुलीच्या खालच्या बाजूला खडा अडकलेला नाही ना, एवढं लांबच्या रस्त्याला निघण्याआधी वाकून बघा.