अर्धा लिटर पाणी आणि गॅमा कॅमेरा

आमच्याकडे मराठवाड्यात तपासणी म्हटली की माणूस उपाशीच येतो. किडनीच्या डीटीपीए स्कॅनलाही (शिरेत किरणोत्सारी औषध टोचून ते किडनीतून कसं जातं हे गॅमा कॅमेऱ्याने बघायची तपासणी) रात्रीपासून घोटभर पाणी न घेता पहाटेची एसटी गाठतो आणि आम्हाला छाती फुगवून सांगतो, "सायेब, तोंडात काहीच घातलं नाही." आम्ही कपाळाला हात लावतो. या तपासणीला खाऊनपिऊन यायचं असतं. तहानलेली किडनी लघवी काटकसरीने सोडते, मग किडनीतल्या औषधाचा आलेख खाली उतरतच नाही आणि लघवीची मोकळी नळी तुंबलेली वाटते. म्हणून अर्धा लिटर पाणी पाजून अर्धा तास बसवायचं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथल्या माणसाला "अजून एक ग्लास घ्या" म्हणताना आपल्यालाच अवघडतं. ज्यांचं पाणी डॉक्टरांनी मोजून ठेवलंय, त्यांनी मात्र आधी सांगावं.

मग वजन. "मागच्या साली अठ्ठावन्न होतं, तेच लिहा ना." नाही लिहीत. किडनी पाठीपासून किती खोल आहे हे यंत्र उंची-वजनावरूनच धरतं. आकडा चुकला की जीएफआर, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, चुकला. सुईचंही तेच. सिरिंज टोचण्याआधी आणि नंतर कॅमेऱ्यासमोर मोजतो. औषध शिरेबाहेर गेलं तर ते दंडातच बसून राहतं, हिशेबात मात्र किडनीला मिळालं असंच धरलं जातं. जीएफआर खाली येतो आणि गावाकडे फोन जातो, "अण्णाची किडनी गेली!" एसटी पंक्चर झाली म्हणून औषधातलं किरणोत्सारी टेक्निशियमही थांबत नाही. ६ तासांत ते निम्मं होतं.

टेबलावर बोगदा नाही, घरघर नाही. कॅमेरा पाठीखाली गुपचूप बघत असतो. फक्त हलायचं नाही. एवढं म्हटलं की नाक खाजतंच. पहिल्या मिनिटात रक्त पोचतं, ३ ते ५ मिनिटांत आलेख शिखरावर जातो, नंतर उतरायला हवा. तो उतरतो की अडतो, हे बघायला लॅसिक्स. म्हणजे पोटात अर्धा लिटर, वरून लघवी सुटायचं इंजेक्शन, आणि हुकूम काय, तर निवांत पडा!

"जाऊ का हो?"

"दहा मिनिटं अजून."

"दहा म्हंजी किती?"

प्रश्न बरोबरच आहे. लॅसिक्सनंतर किडनीतला औषधाचा साठा १० मिनिटांच्या आत निम्मा झाला तर रस्ता मोकळा, २० च्या पुढे गेला तर अडथळ्याचा संशय, मधलं असेल तर डॉक्टरही "बघू" म्हणतात. भरलेलं मूत्राशयसुद्धा वरची वाट अडवतं, म्हणून आधी एकदा, नंतर एकदा जाऊन यायचं. बसून करा, दोनदा फ्लश करा, हात धुवा. घाईत पायजम्यावर एक थेंब सांडला तरी शेवटच्या फोटोत तो दिव्यासारखा चमकतो. मग पायजमा बदला, परत झोपा, परत फोटो.

टेबलावरून उतरता उतरता अण्णा हळूच विचारतात, "आता तरी जेवू का?"