‘सगळी गावे आजच्याच नावाने लिहा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांत सध्या एक सूचना फिरते आहे. वंशावळ संगणकावर चढवताना पूर्वजांची सर्व गावे आजच्या सरकारी नावाने, आजच्या तालुक्या-जिल्ह्यासह लिहावीत आणि जुनी नावे गाळावीत, कारण ती अशुद्ध असतात व त्यांमुळे शोध लागत नाही, असे तिचे म्हणणे आहे. शोधाची अडचण खरी आहे. उपाय मात्र मुळावर येणारा आहे.

एका जागेला एकच नाव हवे, हा पहिला मुद्दा. आपल्याच ग्वाल्हेरातल्या ‘लष्कर’ या भागाचे पाहा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याजवळ तळ दिला आणि पुढे त्या छावणीचेच शहर झाले, म्हणून कागदावर ‘मु. लष्कर’ दिसले की आपण ‘ग्वाल्हेर, मध्य प्रदेश’ लिहून मोकळे होतो. परंतु त्याआधीच्या कागदातले लष्कर म्हणजे फिरती फौज. ती उज्जैनला, पुण्याला किंवा वाटेत कुठेही असू शकते. शिवाय पुण्याच्या कॅम्पालाही लोक लष्करच म्हणत आले आहेत. तारीख न पाहता केलेल्या अशा एका दुरुस्तीने खापरपणजोबा जिथे कधी आलेच नाहीत तिथले रहिवासी ठरतात, आणि मूळ शब्दच पुसल्यामुळे ती चूक पुढे कोणाला पकडताही येत नाही.

जिल्ह्यांचेही तसेच. मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. दोन्हींपुढे सरसकट ‘सिंधुदुर्ग’ लिहिले, की एका घराचे कागद इंग्रजी अमलातले आणि दुसऱ्याचे संस्थानी, हा माग हरवतो.

जुनी नावे अशुद्ध असतात, हे तर मोडी न वाचलेल्याचेच मत दिसते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. त्याला चूक म्हणणे अन्यायाचे आहे.

आता शोधाविषयी. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत घराणे शोधताना आडनावाबरोबर मूळ गाव सांगावे लागते, आणि तिथे पुणे जिल्ह्यातल्या खेडऐवजी ‘राजगुरुनगर’ सांगून जुने पान निघणार नाही. म्हणून दोन रकाने ठेवावेत: एकात कागदावरचे नाव जसेच्या तसे, कागदाच्या तारखेसह, दुसऱ्यात आजचे ठिकाण. संगणक दोन्हींत शोधतो. खेड पुण्याचे की रत्नागिरीचे हे ठरत नसेल, तर दुसरा रकाना कोराच राहू द्यावा.