ऐंशीची हुडहुडी

थरथरणारं स्टिअरिंग वेळ बघून थरथरतं. माझ्या छोट्या मालवाहू ट्रकचं स्टिअरिंग ताशी ७० किलोमीटरपर्यंत अगदी शहाण्यासारखं वागायचं. ७५ला अंगठ्यांना मुंग्या यायच्या. ८०ला आरशातल्या प्रत्येक गाडीला दोन-दोन बोनेट दिसायची आणि डॅशबोर्डवरचं पेन काचेच्या दिशेने चालायला लागायचं. ९५ ओलांडले की पुन्हा सगळं शांत. थोडक्यात, एक तर रेंगाळत जा नाहीतर उधळत जा. सभ्य माणसाने सभ्य वेगाने जाणं गाडीला मंजूर नव्हतं.

बरं, हे कुणाला दाखवावं तर दाखवता येत नाही. गॅरेज असतं गर्दीच्या रस्त्यावर. तिथे ८०चा वेग गाठायचा तर आधी रस्ता मोकळा करून घ्यावा लागेल. शेजारी जाणकार बसवून मी गाडी चालवायचो, ती चाळीसवर झुलत जायची आणि जाणकार उतरताना म्हणायचा, "काही नाही हो, मस्त आहे गाडी." त्या नजरेत गाडीपेक्षा माझ्याबद्दलची काळजी जास्त असायची.

गाडी न बघता निदान करणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. ज्याचं जे दुकान, त्याच्याकडे तोच आजार निघतो. ब्रेकवाल्याला शंभर टक्के डिस्कच वाकडी वाटली. अहो, पण ब्रेकला पाय लावायच्या आधीच थरथरतंय! डिस्कचा दोष असता तर ब्रेक दाबल्यावर हादरे आले असते. एका नातेवाइकाने फोनवरूनच प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, बाद केला. थरथर हातात जाणवली तर पुढे बघायचं आणि बुडाखाली जाणवली तर मागे, एवढा साधा हिशेब. नेहमी बरोबर येतो असं नाही, पण सुरुवात करायला पुरतो. माझ्या बुडाची काही तक्रार नाही, हे मी त्यांना शक्य तितक्या सभ्य शब्दांत सांगितलं. अलाइनमेंट सुचवणारे तर पावलापावलाला भेटले. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. पण नुसत्या तेवढ्याने स्टिअरिंगला अशी हुडहुडी भरत नाही.

टायरवाला त्यातल्या त्यात विज्ञानाच्या जवळ होता. चाक यंत्रावर फिरवून तो म्हणाला, "पन्नास ग्रॅमचा फरक आहे, शेठ." मला हसू आलं. दोन टनांच्या गाडीला पन्नास ग्रॅम हलवणार? पण हिशेब करून बघितला आणि हसू जिरलं. ७४ सेंटिमीटर व्यासाचं चाक ८०च्या वेगाला सेकंदात साडेनऊ वेळा फिरतं. रिमच्या कडेला ५० ग्रॅम जास्त असले तर दर फेरीला ते साडेतीन किलोहून अधिक जोराने चाक बाहेर ओढतात. सेकंदाला साडेनऊ हिसके! चाक आणि स्टिअरिंगचा हा सगळा लवाजमा ज्या ठेक्यावर आपणहून डोलतो, त्या ठेक्याशी या हिसक्यांचा ठेका ८०च्या आसपास जुळतो. पुढे वेग वाढला की ताल सुटतो. म्हणून ९५ला शांतता.

त्याने रिमला वजनं ठोकली. थरथर कमी झाली, गेली नाही. आता पेन काचेपर्यंत न जाता अर्ध्यावर थांबायचं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून बघायची इच्छासुद्धा दाखवली नाही. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला, खाली घोड्या लावल्या, एक हात टायरच्या डोक्यावर आणि एक तळाशी ठेवून चाक हलवलं. टक. "शेठ, आत बसा, ब्रेक दाबून धरा." मी दाबला. पुन्हा टक. "बेअरिंग नाही, किंगपिन." किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्याच्याभोवती डावी-उजवीकडे वळतं ती जाड खीळ. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला असता तर दोष बेअरिंगचा. इतक्या स्वस्तात निदान होतं हे कळल्यावर आधीच्या सगळ्या तज्ज्ञांचे चेहरे डोळ्यांपुढून गेले.

मग डावी-उजवी बाजू धरून हलवलं, तर टाय रॉडमधून, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यातून, वेगळाच खडखडाट. चाकं जमिनीवर आणून, इंजिन चालू ठेवून, मी स्टिअरिंग थोडं इकडे थोडं तिकडे करत राहिलो आणि मिस्त्री खाली आडवे पडून, डोळे मिटून, नाडी बघावी तसं एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. टाय रॉड एंडचं, म्हणजे त्या दांड्याच्या टोकाच्या सांध्याचं, रबर फाटलेलं, ग्रीस गेलेलं, त्या जागी रेती. स्प्रिंगच्या पाट्या ज्या कडीत टांगतात त्या शॅकलमधले रबरी बुश एका बाजूने पार चेपलेले. शॉकअब, म्हणजे गाडीच्या उड्या आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर, तेलाने ओलेचिंब. टायरवाला खोटं बोलत नव्हता. धक्का पन्नास ग्रॅमचाच होता, पण नाचायला जागा या सांध्यांनी करून दिली होती.

दुरुस्तीत माझ्याकडे टॉर्च धरायचं काम आलं. हे काम कमी लेखणाऱ्याने ते कधी केलेलं नसतं. मी कुठेही उजेड पाडला तरी बोल्ट त्याच्या शेजारी निघायचा. "वर. अजून वर. माझ्या डोळ्यात नको."

टाय रॉड एंडचा नट निघाला, पण एंड ढिम्म हलेना. त्याची दांडी निमुळती असते, आपल्या भोकात घट्ट चिकटून बसते. "वरून ठोकूया का?" असं मी विचारल्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे नुसतं बघितलं. वरून ठोकलं की आटे चेपतात. त्यांनी ज्या डोळ्यात दांडी बसते त्या डोळ्याच्या कडेवर हातोडा घातला. तिसऱ्या घावाला ठप्पकन आवाज झाला आणि एंड खाली लोंबायला लागला. नवा बसवताना जुन्याचे जेवढे आटे आत होते तेवढेच मोजून आत घेतले. नटाच्या खाचेत स्प्लिट पिनचं भोक येईना, तेव्हा मी नट जरा सैल करायचं सुचवलं. "सैल करायचा नसतो, पुढे आवळायचा असतो." त्यानंतर मी फक्त उजेड पुरवला.

किंगपिनचं वर्णन करत नाही. आधी लॉक काढला, मग घण, मग शांतता, मग मिस्त्रींची भाषा, मग पुन्हा घण. गंजही वयाचा मान ठेवत नाही.

पाट्या ॲक्सलला बांधून ठेवणारे यू बोल्ट एकदा ताणले की ताणले, म्हणून तेही नवे आले. शॉकअब दोन्ही बाजूंचे एकदम बदलले. बुशांचे बोल्ट मात्र मिस्त्रींनी अर्धवटच आवळून ठेवले. हे विसरले असावेत, अशी माझी समजूत. गाडी खाली उतरवून भार चाकांवर आल्यावर त्यांनी पाना लावला. अधांतरी असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं आणि लवकर फाटतं. "थोडी चालवून परत या, यू बोल्ट पुन्हा आवळायचे," एवढं बोलून ते हात पुसायला गेले.

टाय रॉड उघडला म्हणजे अलाइनमेंट आलीच, त्यामुळे पुन्हा टायरवाल्याकडे. वाटेत ८० गाठले. पेन जागच्या जागी. फक्त खालून एक बारीक घूं घूं ऐकू येत होती. इतके दिवस थरथरीच्या गोंधळात ती दबली होती.

टायरवाल्याने टायरवरून तळवा फिरवला. मग माझा हात धरून तोही फिरवला. शॉकअब मेलेले असताना टायर रस्त्यावर उड्या मारत गेला होता आणि त्याच्या नक्षीला ठिकठिकाणी खळगे पडले होते. नवा शॉकअब ते खळगे भरून देत नाही.

"मी म्हणत होतो ना शेठ," तो समाधानाने म्हणाला, "दोष टायरचाच आहे."