कादंबरीतलं गाव बघायला जाताना घ्यावयाची काळजी

विलायतेत मुलगा किंवा मुलगी असेल, व्हिसा लागला असेल आणि बिग बेन, लंडन आय उरकून झालं असेल, तर आता एक साहित्यिक सहल कराच. खर्च कमी, वजन जास्त. परतल्यावर सोसायटीच्या गच्चीत ‘आम्ही ब्राँटे भगिनींच्या घरी जाऊन आलो’ असं सहज सोडून देता येतं. लेकीकडे लीड्सला आले असताना गेल्या शनिवारी मी अशी एक सहल भोगली. सोबत मामेभाऊ (वयाने मोठा, म्हणून दादा), वहिनी आणि त्यांचे चिरंजीव. तेव्हा पुढचे सल्ले अनुभवाचे आहेत.

पहिलं म्हणजे पुस्तक वाचून जाऊ नका. उगाच डोक्यात काहीतरी बसतं आणि समोर भलतंच दिसतं. सिनेमा पुरतो. एमिली ब्राँटेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ कादंबरीवरचा १९३९चा गाजलेला सिनेमा यॉर्कशरमध्ये नाही, कॅलिफोर्नियात काढला. कोणाचं काय अडलं?

‘नेमकं कुठे?’ हा प्रश्न सोडू नका. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला जाऊन एकशे नव्व्याण्णव पायऱ्या चढा आणि चर्चमध्ये ड्रॅक्युलाची कबर विचारा. लाजू नका, तुमच्याआधी इतक्यांनी विचारलंय की तिथल्या लोकांना ‘कबर नाही, विचारू नका’ अशी सूचना लावावी लागली. आता कादंबरीत त्याची माती होते ती थेट ट्रान्सिल्व्हेनियात, आणि त्याला जन्माला घालणारा ब्रॅम स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियात कधी गेलाच नव्हता. १८९०च्या उन्हाळ्यात तो व्हिटबीला मुक्कामाला होता आणि ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला तिथल्या वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. पण वाचनालयासमोर फोटो काय चांगला येणार?

लंडनमध्ये बेकर स्ट्रीटला शेरलॉक होम्सच्या २२१-बीच्या दारात रांग लावा. कथा लिहिल्या तेव्हा त्या रस्त्याचे नंबर तिथपर्यंत पोचलेच नव्हते आणि आजचं संग्रहालय २३७ आणि २४१च्या मध्ये आहे, हे रांगेतल्या कोणाला सांगू नका. मार बसेल.

डॉर्चेस्टरला एका बँकेवर निळी पाटी आहे. थॉमस हार्डीच्या कादंबरीतला महापौर इथे राहत होता म्हणतात, असं तीवर लिहिलंय. कर्ज मागून बघा.

शार्लट ब्राँटेच्या कादंबरीतली जेन एअर आपले होते-नव्हते ते वीस शिलिंग घोडागाडीवाल्याला देते आणि पैसे संपतात तिथे उतरते. गाव नाही, वाडी नाही, चार रस्त्यांच्या मध्ये एक दगडी खांब. नाव व्हिटक्रॉस. कपड्यांचं गाठोडं गाडीतच राहतं आणि ती रात्र माळावर काढते. हे स्थळ यादीत घेऊ नका, तिथे पार्किंग नाही.

आणि ब्राँटे भगिनींच्या हॉवर्थ गावी गेलात की टॉप विदन्सला जा, ‘वुदरिंग हाइट्स’मधलं घर समजतात त्या जागी. हे मुख्य. गावातून पाच-सहा किलोमीटर चालत, माळावरून, एका पडक्या शेतघरापर्यंत. वाटेत खुणेच्या पाट्या आहेत, इंग्रजीखाली जपानीतही लिहिलेल्या, कारण जपानहून लोक पुस्तक वाचून येतात. त्यावर दादाने विचारायचं, ‘मराठीत का नाही?’ दर अर्ध्या किलोमीटरला वहिनींनी विचारायचं, ‘वरपर्यंत कॅब येत नाही का हो?’ त्याच कादंबरीतला म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलला साठ मैल चालत जातो, साठ मैल चालत येतो आणि येताना कोटात गुंडाळून एक पोरगं आणतो, ज्याच्यावरून पुढचं सगळं रामायण घडतं. पण तो वेडा होता, त्याच्याकडे ॲप नव्हतं. वर पोचलात की चार भिंती, दोन झाडं आणि मेंढ्या बघून कमरेवर हात ठेवून म्हणा, ‘हेच?’ मग तिथल्या तिथे फोनवरून दोन तारे द्या आणि लिहा, ‘कादंबरीतल्यासारखं अजिबात नाही.’

अहो, तिथे भिंतीवर पाटी आहे! १९६४ सालची, ब्राँटे सोसायटीने लोकांच्या विचारणांना कंटाळून बसवलेली. हे घर धड उभं होतं तेव्हाही एमिलीच्या वर्णनासारखं नव्हतं, फार तर ही जागा तिच्या मनात असेल, असं स्पष्ट लिहिलंय. त्या पाटीला टेकून वहिनींनी पुऱ्या खाल्ल्या. वाचली कोणीच नाही.

आणि वारा. वारा असा की उभं राहवेना. चिरंजीव वैतागले, व्हिडिओत आवाज खराब येतोय म्हणून. मग त्यांनी बोटाने काहीतरी सरकवून वारा पुसला आणि वर एक गाणं चिकटवलं.

अरे बाबा, नावातच तो वारा आहे! ‘वुदरिंग’ म्हणजे वादळात त्या उंचीवर जे घोंघावतं ते, असं पहिल्याच प्रकरणात सांगितलंय. एमिली ते घर दाखवते कशावरून? एका कुशीला कललेल्या खुरट्या झाडांवरून. वारा किती, ते झाडांनी सांगायचं. चार मैलांवरची दोन घरं, त्यांच्यामधला माळ, एवढ्यात सगळी कादंबरी. हीथक्लिफ तीन वर्षं गायब होतो, कुठे गेला ते ती शेवटपर्यंत सांगत नाही, कारण तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं. खऱ्या आयुष्यातही घर सोडलं की ती सुकायची. समोर जर्मन पुस्तक उघडं ठेवून कणीक मळायची. कादंबरी १८४७ला आली आणि पुढच्याच डिसेंबरात बाई गेली, तिशीत. संग्रहालयातला तिचा सोफा बघून तुम्ही काय विचारलंत वहिनी? ‘ओरिजिनल आहे का?’

तिथे मी गप्प बसले, पाहुणे होतात म्हणून. आता सांगते. तुम्हाला लाज वाटायला हवी होती. वाचायचं नव्हतं तर लीड्सच्या मॉलमध्ये जायचं होतं, एसी आहे, लिफ्ट आहे. मला कशाला ओढलंत? आणि दादा, ते दोन तारे काढ. आजच काढ.

पुढच्या शनिवारी व्हिटबीचा बेत आहे म्हणे. पुऱ्या मी करून देईन. येणार नाही.